पाणी न उपसणारे बोअर

मी रावेरची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि थंडी म्हणजे पहाटे केळीच्या बागेत धूर करण्यापुरती. आर्किटेक्चर शिकायला अमेरिकेत इंडियानातल्या मन्सी गावी, बॉल स्टेट विद्यापीठात गेले, तेव्हा पहिला धसका घेतला तो हिवाळ्याचा. जानेवारीत रस्त्यावर निघालं की नाकातला ओलावासुद्धा गोठल्यासारखा वाटायचा. वर्गात शिरलं की मात्र जॅकेट काढावं लागे. आणि ही ऊब देणारं धुराडं कुठंच दिसत नव्हतं.

धुराडं पूर्वी होतं. कोळशाच्या चार बॉयलरांवर सारं विद्यापीठ गरम व्हायचं. वर्षाला सुमारे ३६,००० टन कोळसा जळायचा. बॉयलर म्हातारे झाले, तेव्हा नवे बसवण्याऐवजी विद्यापीठानं २००९ मध्ये जमिनीत बोअर मारायला घेतले. मैदानं झाली, गाड्यांचे तळ झाले, त्यांच्याखाली ४०० ते ५०० फूट खोल असे सुमारे ३,६०० बोअर. २०१२ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २०१४ मध्ये कोळसा कायमचा बंद झाला. आज ४७ इमारतींची ऊब आणि गारवा याच व्यवस्थेवर चालतो.

हे बाबांना फोनवर सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "पाणी किती इंची लागलं?" पाणी काढतच नाहीत म्हटल्यावर ते गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे वज्रेश्वरीसारखं खालून उकळतं पाणी येतं का?" तेही नाही. प्रत्येक बोअरमध्ये प्लॅस्टिकचा पाइप खाली जाऊन वळतो आणि वर येतो. भोवतीची पोकळी लगद्यानं बुजवलेली असते. पाइपातलं पाणी त्याच पाइपात फिरत राहतं, जमिनीतल्या पाण्याला त्याचा स्पर्शही होत नाही. जमिनीत तीस-चाळीस फुटांखाली ऋतूंचा फरक जवळजवळ पोचत नाही. तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं. मन्सीत ते साधारण १३ अंश. बाहेर उणे पंधरा असताना हे १३ अंश म्हणजे मोठंच धन आणि जुलैच्या उकाड्यात तेवढाच मोठा गारवा.

पण तेरा अंशांच्या पाण्यानं खोली गरम कशी होणार? याचं उत्तर विद्यापीठाच्या ऊर्जा केंद्रात मिळालं. आम्हा विद्यार्थ्यांना तिथं फिरवून दाखवत. आत यंत्रांचा असा आवाज की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी लागावं लागे. घरच्या फ्रिजची मागची बाजू तापते, कारण आतली उष्णता तो मागे टाकतो. तिथले हीट पंप हेच काम अवाढव्य प्रमाणावर करतात. एका बाजूनं सुमारे ६५ अंशांचं पाणी निघतं, दुसऱ्या बाजूनं साडेपाच अंशांच्या आसपासचं. दोन्ही पाणी वेगवेगळ्या पाइपांतून साऱ्या आवारात फिरतं. ज्या इमारतीला ऊब हवी ती गरम पाइपातून घेते, जिला गारवा हवा ती थंड पाइपातून. जुन्या इमारतींतली वाफेची व्यवस्था त्यासाठी बदलावी लागली. हीट पंपाला वीज लागते आणि इंडियानात ती बरीचशी कोळशाचीच; पण एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता हलते, म्हणून हिशोब जुळतो.

मार्चमध्ये एक गंमत लक्षात आली. वसतिगृहं गारठलेली आणि त्याच वेळी प्रयोगशाळा नि संगणककक्ष यंत्रांच्या धगीनं तापलेले. प्रयोगशाळेतून काढलेली उष्णता ऊर्जा केंद्रात येते आणि वसतिगृहाकडे जाते. इमारतींना पुरून उरलेली तेवढी बोअरात उतरते, कमी पडली तर तिथून वर येते. म्हणजे सगळे कौतुक करतात ते बोअरांचं, पण देवघेव आधी इमारतींची आपसातच होते. आणि उन्हाळ्यात जमिनीत भरलेलं हिवाळ्यात काढलं जातं, म्हणून वर्षाअखेर जमीन जवळपास होती तशी राहावी, अशी ही कल्पना.

हे सारं मन्सीत घडावं, याचं मला विशेष वाटलं. १८८६ च्या सुमारास त्या मुलखात जमिनीतून नैसर्गिक वायू निघाला. गावानं फुकट वायू नि जमीन देऊ केली, म्हणून बॉल बंधू १८८७ मध्ये तिथं आले. त्यांच्या काचेच्या बरण्या अमेरिकेत घरोघरी पोचल्या. विद्यापीठाला नाव त्यांचंच; संस्था विकत घेऊन त्यांनी ती १९१८ मध्ये राज्याला दिली. वायू मात्र लोकांनी उधळला. नुसती शोभा म्हणून मशाली दिवसरात्र जळत ठेवल्या. विसावं शतक लागलं तसा दाब उतरत गेला आणि थोड्याच वर्षांत सगळं आटोपलं. मला आमचा रावेर-यावलचा पट्टा आठवला. केळीसाठी उपसा इतका, की दर काही वर्षांनी बोअर आणखी खोल न्यावा लागतो. जमिनीतून घेणं सगळ्यांनाच जमतं. परत भरण्याची सोय मुळातच करून ठेवलेली मी तिथं पहिल्यांदा पाहिली.

म्हणूनच जळगावात काम सुरू केल्यावर एका कॉलेजच्या विश्वस्तांनी मन्सीसारखी बोअरची व्यवस्था मनात धरून "आपल्यालाही जिओथर्मल हवं" म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. आपल्याकडे खालची जमीन २८ अंशांच्या आसपास. मेच्या ४५ अंशांपुढे तीही गारच; एसीला उष्णता टाकायला ती हवेपेक्षा केव्हाही बरी. पण आपण बाराही महिने तिच्यात टाकतच राहणार, काढून कोण घेणार? इमारतीला ऊब द्यावी असा हिवाळा आपल्याला नाही. वर्षामागून वर्षं जमीन तापत जाईल आणि मग तिचा उपयोग ओसरेल. बोअर वाढवता येतात, हिवाळ्यातल्या गार रात्री पाणी हवेत थंड करून जमीन निववता येते. पण दोन्हींचा खर्च मोठा.

मग मी मन्सीचा मार्चमधला धडा काढला. इथं उष्णता कुणाला हवी आहे? वसतिगृहातल्या मुलांना सकाळी आंघोळीला. मेसला भांडी धुवायला. सभागृहाचा आणि संगणककक्षाचा एसी तीच उष्णता दिवसभर गच्चीवरून हवेत फेकत होता. आम्ही ती हीट पंपानं पाण्यात घ्यायचं ठरवलं. उष्णता दुपारची, आंघोळ सकाळची. म्हणून पाणी रात्रभर गरम राहील अशा वेष्टणाच्या टाक्या ठेवल्या. खड्डा एकही खणला नाही. आमच्या गावातली केळी पिकवायची राइपनिंग चेंबरसुद्धा फळांतून काढलेली उष्णता अशीच बाहेर सोडतात. तिथंही हाच प्रश्न विचारावासा वाटतो.

विश्वस्त थोडे खट्टू झाले. प्रवेशद्वारावर 'जिओथर्मल इमारत' असा फलक लावायची त्यांची इच्छा होती. "मग आता फलकावर काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वसतिगृहाची वीजबिलं लावा. गिझर होते तेव्हाचं एक आणि आताचं एक."