नातीचा 'स'

34 वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. 'तुम्ही मुसलमान असूनही मराठी किती शुद्ध बोलता!' हे वाक्य त्या काळात इतक्या वेळा ऐकलं की, उच्चारातली चूक मला गुन्ह्यासारखी वाटू लागली. त्याची शिक्षा भोगली माझ्या 6 वर्षांच्या नातीनं.

तिच्या नावाचं पहिलंच अक्षर 'स'. ती त्याचा 'त' करायची. सलामचा 'तलाम' व्हायचा. 'नाना' मात्र अगदी स्वच्छ. मी रोज दहा-दहा वेळा 'सलाम' म्हणवून घ्यायचो, चिडायचो. एकदा पाहुण्यांसमोर ओरडलो. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर बोलेनाशी झाली.

मुलगी म्हणाली, "अब्बा, हिचे कान तपासू या." मी उडवून लावलं. हाक मारली की वळते, दाराची घंटा तिला ऐकू येते. कानाला काय झालंय? मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून याच कामासाठी उभी आहे, हे ठाऊक असूनही मी वर्षभर टाळाटाळ केली.

अखेर तपासणी झाली. 2000 हर्ट्‌झपर्यंतचे आवाज तिला ऐकू येत होते. त्यावरचे विरत विरत जवळजवळ नाहीसे होत होते. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी संगणकावर आवाजाचं चित्र दाखवलं. स्वरांचे ठळक पट्टे खाली. 'न' आणि 'म' यांचा नाकातला घुमारही खालीच. म्हणून 'नाना' तिला सापडलं होतं. 'स' मात्र पार वर, साधारण 4000 हर्ट्‌झच्या पलीकडे, नुसता विरळ ढग.

"सर, तुम्ही दहादा 'सलाम' म्हणता, तिला दहादा 'अलाम' ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "तुमची जीभ दातांशी दिसते, म्हणून ती अंदाजानं 'त' लावते."

लहानपणी मकतबात हाफिजसाहेबांनी मखरज शिकवले होते. कोणतं अक्षर तोंडात कुठून निघतं ते. निघालेलं अक्षर समोरच्याच्या कानापर्यंत पोचतं का, हा प्रश्न मला आयुष्यभर पडला नव्हता.

श्रवणयंत्र आलं. मग शिकवणी सुरू झाली. दात जवळ आणायचे, जिभेची पन्हळ करायची, हवा बारीक धारेनं सोडायची. तोंडासमोर तळहात धरला की 'स'ची गार धार लांबवर लागत राहते. 'त'ला तसं काही लागत नाही. पडद्यावर वरच्या अंगाला ढग उमटला की शाबासकी. कानाला जे कमी पडत होतं, ते हातानं आणि डोळ्यांनी भरून काढायचं. मीही शेजारी बसून हातावर 'स्स्स' करायचो. तिला हसू यायचं. ती पुन्हा माझ्याशी बोलू लागली ती तिथेच.

ईदच्या सकाळी नवे कपडे घालून ती पुढ्यात आली. "शलाम, नाना!"

'श'चा ढग 'स'पेक्षा बराच खाली सुरू होतो. तिथवर ती पोचली होती. माझ्यातला मास्तर दुरुस्तीसाठी तोंड उघडणार होता. त्याला मी गप्प बसवलं. "वालेकुम सलाम, बेटा," म्हणालो आणि तिच्या तळहातावर ईदी ठेवली.