परकें पक्वान्न, घरचा साटा

ग्रीस देशांत ‘गलाक्तोबूरेको’ नांवाचें एक पक्वान्न फार लोकप्रिय आहे. नांव ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. ‘गाला’ म्हणजे दूध, आणि ‘बूरेको’ हें तुर्कांच्या ‘बोरेक’ या शब्दाचें ग्रीक रूप. कागदासारख्या पातळ पाऱ्या लोणी लावून एकावर एक अंथरावयाच्या, मध्यें दुधांत शिजविलेला रवा घालावयाचा, वर पुन्हां पाऱ्या घालून तें भट्टींत भाजावयाचें आणि शेवटीं साखरेचा पाक पाजावयाचा, एवढीच त्याची कुंडली. आमच्या महालांतील कोणत्याही गृहिणीस यांत सांजोरी आणि पाकांतले चिरोटे यांचें नातें सहज ओळखतां यावें.

परदेशीं असलेला आमचा पुतण्या डिसेंबरच्या सुटींत आला, तेव्हां त्याच्या आग्रहावरून हें पक्वान्न घरीं करावयाचें ठरलें. परंतु मूळ कृतींत अंडीं पडतात, आणि ऐंशी वर्षें उलटलेल्या आमच्या काकू अंडें शिवलेल्या भांड्यांतील पाणीही घेत नाहींत. ‘त्यांच्यासाठीं वेगळें कांहीं करूं,’ अशी सूचना निघाली. ती आम्हांस रुचली नाहीं. एका छपराखालीं राहिल्यानें कुटुंब एकत्र राहत नाहीं, तें एका पंगतीस बसल्यानें राहतें. घरांतील सर्वांत वडील माणसाच्या पानावर वेगळें पक्वान्न पडूं लागलें कीं घरांत न दिसणारी भिंत उभी राहते. पुतण्या म्हणाला, “अंडीं नकोत तर नकोत, पण मग त्याला ग्रीक नांव देऊं नका.” त्याचें हें म्हणणें आम्ही रास्त मानलें.

अंडें वगळून काम भागतें, यांत नवल नाहीं. १८३७ मध्यें बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनें, पत्नीस अंडें सोसत नाहीं म्हणून, अंड्यावांचून कस्टर्डचें पीठ तयार केलें. आपल्याकडे कस्टर्ड म्हणून माहीत आहे तें बहुधा हेंच. रव्यांतील पिष्ट गरम दुधांत फुगतें आणि निवतांना दूध धरून ठेवतें. एक लिटर दूध, १५० ग्रॅम साखर, १४० ग्रॅम बारीक रवा, दोन चमचे मक्याचें पीठ, थोडें तूप आणि वेलची, एवढें प्रमाण पुरलें. मिश्रण डावावरून सावकाश ओघळूं लागलें कीं उतरवावें.

खरी अडचण पाऱ्यांची होती. थेसालोनिकी शहरांत ‘बुगात्सा’ करणारा कारागीर पारी हवेंत झुलवून पातळ करतो. आपल्या नागपुरांत लांब पोळी करणाऱ्या बायका सैल कणकेचा गोळा हातांवर खेळवून ती उपड्या माठावर टाकतात. आमच्या सुनांना यांपैकीं एकही विद्या येत नव्हती. तेव्हां काकू म्हणाल्या, “पापुद्रेच हवेत ना? मग साटा फेटा!”

काकूंचे हात आतां कांपतात, त्यांना लाटवत नाहीं. त्या खुर्चीवर बसल्या आणि सून व नातसून यांच्याकडून त्यांनीं सर्व करविलें. तूप आणि तांदळाची पिठी समभाग घेऊन पांढराशुभ्र होईपर्यंत फेटावी. मैद्याच्या तीन पाऱ्यांना साटा लावून त्या एकावर एक ठेवाव्या आणि हलक्या हातानें पुन्हां लाटाव्या. “जोर लावाल तर पदर मिटतील,” असें त्या वारंवार बजावीत होत्या.

१९२३ च्या करारानें आशिया मायनरमधील सुमारें १२ लक्ष ग्रीकांना घरेंदारें सोडून ग्रीसमध्यें येऊन राहावें लागलें, आणि त्यांच्याबरोबर त्यांची पाककलाही आली. त्यांचें घर सुटलें, पण हात सुटला नाहीं. आमच्याकडे उलट प्रकार होता. वाडा जागच्या जागीं उभा, परंतु चिरोट्यांचा हात मात्र घरांतून चालला होता. गेलीं कित्येक वर्षें दिवाळीचे चिरोटे विकतच येत आणि त्याचें कोणास कांहीं वाटेनासें झालें होतें.

१८० अंशांवर पाऊण तास भाजल्यावर वरचा थर बदामी झाला. पाकासाठीं ३०० ग्रॅम साखर, २०० मिलिलिटर पाणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्याची साल घेतली. चमचाभर लिंबाचा रस घातल्यानें पाकांत साखरेचे खडे धरत नाहींत. पाक पुरता थंड आणि पक्वान्न कढत, हा नियम मात्र मोडूं नये; दोन्हीं गरम असल्यास पापुद्रे लगदा होतात.

त्या रात्रीं सर्वांच्या पानांवर एकच पक्वान्न होतें. काकूंनीं एक वडी खाऊन “पाक थोडा कमी चालला असता,” एवढाच अभिप्राय दिला आणि दुसरी वडी मागून घेतली. नातसुनेनें साट्याचें प्रमाण वहींत उतरविलें आहे. परंतु पिठी किती फेटावयाची आणि लाटणें किती हलकें धरावयाचें, हें वहींत मावत नाहीं. तें हाताजवळ बसूनच शिकावें लागतें. ज्यांच्या घरीं असा एखादा हात अद्याप आहे, त्यांनीं सणाची वाट पाहूं नये. निमित्त ग्रीक असो वा आणखी कोठलें, घरांतील मुलींनीं आणि मुलांनींही त्या हातापाशीं एक दुपार बसावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.