हवा कुठून घेते?

हायवेला गुणी आणि सिग्नलला नाठाळ, अशी गाडी ज्याने सांभाळली आहे त्याला पुढचं सांगायला नको. आमची प्रीमियर पद्मिनी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत एका लयीत येते. तीच एलबीएस मार्गाने आणली, की भांडुपच्या सिग्नलला आचके देते, थरथरते आणि बंद पडते. मग उजवा पाय तिरका करून टाच ब्रेकवर, चवडा रेसवर अशी कसरत. मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न निराळाच.

खरं तर हा रस्ता तिच्या माहेरचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना याच रस्त्यालगत, कुर्ल्याला होता. आता तिथे कोहिनूर सिटी उभी आहे. फियाट ११०० चा देशी अवतार सत्तरच्या दशकात पद्मिनी या नावाने निघू लागला आणि शतक संपता संपता थांबला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती पिढी रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या तसे पद्मिनीच्या कार्बुरेटरवर हात बसलेले मेस्त्रीही विरळ झाले. मुलुंड पश्चिमेला एक आहेत. बॉनेट उघडण्याआधीच, नुसत्या आवाजावरून ते म्हणाले, "काका, गाडी हवा घेतेय."

"कुठून?"

"तेच तर शोधायचंय."

इंजिन स्लोवर चालत असतं तेव्हा कार्बुरेटरच्या घशातली झडप जवळजवळ मिटलेली असते. खाली चार पिस्टन मात्र ओढतच असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त ओढ तयार होते. बाहेर हवेचा दाब पाऱ्याच्या तीस इंचांइतका असेल, तर आत तो अठरा-वीस इंचांनी कमी भरतो. मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे इथे ही ओढ मोजणाऱ्या गेजचा काटा अगदी पुस्तकात दिल्यासारखा बोलतो. एवढी ओढ असताना केसाएवढी फट मिळाली तरी बाहेरची हवा आत घुसते, आणि ती कार्बुरेटरच्या घशातून आलेली नसल्याने सोबत पेट्रोल आणत नाही. स्लोवर इंजिनला मुळात हवा लागतेच थोडी. त्या थोडक्यात ही आगंतुक हवा मोठी वाटेकरी होते, मिश्रण पातळ पडतं, इंजिन मिसिंग मारतं. हायवेला झडप उघडी, ओढ मंदावलेली आणि हवेचा खप मोठा. तिथे तेवढीच फट हिशेबातही येत नाही. म्हणून हा दोष गाडी पळवून कधी सापडत नाही, ती उभी करूनच शोधावा लागतो.

मेस्त्रींनी आधी चोक ओढून पाहिला. इंजिन गरम असताना चोक ओढला की त्याने जादा पेट्रोलने गुदमरायला हवं. इथे उलट झालं, थरथर थांबली. निदान पक्कं झालं.

आता इथेच बहुतेक गॅरेजवाले स्लोचा स्क्रू अर्धा-एक फेरा पिळून गाडी परत देतात. या उपायाचा मला मनापासून राग आहे. रेस वाढते, गाडी बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश. फट मात्र जिथल्या तिथे. पातळ मिश्रणाने व्हॉल्व्ह तापतात, वाढलेल्या रेसने पेट्रोल जास्त जातं, आणि कहर म्हणजे मिश्रण पातळ असल्यामुळे पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड कमीच दिसतो. मिसिंग फार नसेल तर आजारी गाडी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडते!

शोधायचं कसं? पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे बघतो, कारण तिथे हवा बाहेर पडते. इथे ती आत जाते, बुडबुडा यायचा कुठून! काही जण कार्बुरेटर क्लीनरचा स्प्रे प्रत्येक जोडावर मारून रेस बदलते का ते बघतात. पद्धत चालते, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेटणारा स्प्रे मारायला माझं मन घेत नाही. उदबत्तीच्या धुराची युक्ती तर पेट्रोलशेजारी कोणी करूच नये. मेस्त्रींनी रबरी नळीचा तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं एकेका जोडापाशी फिरवलं. कार्बुरेटरच्या बुडाशी ते थबकले. मग इंजेक्शनच्या सिरिंजमधून पाण्याचे थेंब तिथल्या सांध्यावर सोडले. इंजिनचा आवाज क्षणभर सुधारला. पाण्याने फट बुजली होती. पाणी आत ओढलं गेलं आणि थरथर परत आली.

कार्बुरेटर उतरवला. बुडाचं पॅकिंग कडक होऊन कुरकुरीत झालेलं. फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघितलं, तर मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसली. कार्बुरेटरचा धातू मऊ असतो. कधीतरी कोणीतरी पाना जोरात आवळला आणि दोन्ही कान खाली वाकले. वरून नवीन पॅकिंग कितीही घातली असती तरी निभावलं नसतं. मेस्त्रींनी जाड काचेवर पॉलिश पेपर पसरला, त्यावर थेंबभर तेल टाकलं आणि फ्लँज आठच्या आकड्यात घासायला घेतली. घासायचं, पुसायचं, पट्टी धरून बघायचं. सुरुवातीला फक्त दोन कडा चकाकत होत्या. हळूहळू चकाकी मध्यापर्यंत आली. नवीन पॅकिंग घातलं, नट आळीपाळीने, बेताने आवळले.

गाडी आता सिग्नलला बंद पडत नाही. तरी स्लोवर किंचित कापरं आहे. झडपेचा स्पिंडल हलवला की टिचभर खेळतो, तिथूनही थोडी हवा जाते. "कॉपी कार्बुरेटर घेऊ नका, त्यापेक्षा हाच लेथवर बुश घालून घ्या," हा मेस्त्रींचा सल्ला. शिवाय पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्यासोबत ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोलचं माप ठरवणाऱ्या छिद्रावर, मिश्रण आणखी पातळ पडतं. जेट एक नंबर मोठं टाकून बघायचं का, असं विचारलं तर ते म्हणाले, "आधी स्पिंडल. दोन्ही एकदम बदललं, तर कशाने बरी झाली ते कळायचं नाही."