बर्फाचा खडा

लखनौमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारे एक मराठी सर तीस वर्षं एकाच ओळीशी झगडताहेत. मुलांच्या वहीत ती आपोआप उमटते: नॉर्मल बरोबर एमजी कॉस थीटा.

गणित जुनंच. गुळगुळीत अर्धगोलाच्या माथ्यावरून बर्फाचा खडा घसरतो. तो पृष्ठभाग कुठे सोडेल? ऊर्जेतून वेग मिळतो, वर्तुळाकार गतीतून नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाचा लंब रेटा, आणि नॉर्मल शून्य झाला की खडा सुटला, त्रिज्येच्या दोन तृतीयांश उंचीवर. मुलांना मात्र त्या वक्रात उतारच दिसतो आणि उताराचं तेच पाठ सूत्र हाताला येतं. त्या सूत्राप्रमाणे खडा थेट जमिनीपर्यंत चिकटून उतरेल. हे खटकायला हवं. कुणालाच खटकत नाही.

सरांनी रंगीत खडूंनी बलांचे बाण काढून पाहिले. फ्री बॉडी डायग्राम नसेल तर वही परत, असा नियम केला. ओळ काही जाईना.

नवखे वरवरचं रूप पाहतात, हे जुनंच. १९८१ साली मिशेलिन ची, फेल्टोविच आणि ग्लेझर या संशोधकांनी फिजिक्सच्या २४ गणितांचे गट पाडायला सांगितले, तेव्हा नवख्यांनी उताराची एकीकडे आणि कप्पीची दुसरीकडे ठेवली, पीएच.डी. करणाऱ्यांनी ऊर्जा अक्षय्यता, न्यूटनचा दुसरा नियम असे गट केले. सरांना हे ठाऊक होतं. दोष ते क्लासवाल्यांना देत. धड्याच्या नावाखाली पन्नास गणितं दिली, की कुठला नियम लावायचा हे मथळाच सांगतो. शेजारच्या कानपूरच्या एच. सी. वर्मांचं १९९२चं पुस्तकही आता पोरं तयार उत्तरं शेजारी उघडून सोडवतात, याचा त्यांना आजही संताप येतो.

गेल्या हिवाळ्यात चौक भागातून येणाऱ्या एका मुलीनं वर्गात विचारलं, "सर, लिहायच्या आधी आप देखते क्या हैं?"

सरांच्या हातातला खडू थांबला. ते रात्री घरी गणित सोडवत, अडत, खोडत. सकाळी फळ्यावर न थांबता उतरवत. वर्गातून उठणारी 'वाह' त्यांना हवीहवीशी वाटे. त्या हौसेपायी खाडाखोडीचा कागद त्यांनी तीस वर्षांत एकदाही वर्गात आणला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांकडूनच न पाहिलेलं गणित मागितलं आणि फळ्यापाशी अकरा मिनिटं अडून राहिले. एक चिन्ह चुकलं, तेही सगळ्यांदेखत पुसलं.

मग ती मुलगी खड्याच्या गणितासाठी उठली. दोन बाण काढले, सवयीनं तीच ओळ लिहिली. बोट वक्रावरून फिरवत थांबली. "ये तो मुड़ रहा है," असं पुटपुटत तिनं मधलं बरोबरचं चिन्ह तळहातानं पुसलं.

संध्याकाळी तपासलेल्या बाकीच्या वह्यांत ती ओळ तशीच होती.