आम्ही दोघं मुंबईला गेलो

आमच्या पिंपळनेरात एखादी आई लहान मुलाला घेऊन एकटी एसटीत चढली, तर कोणी वळूनही बघत नाही. बाप चढला तर अख्खी गाडी चौकशी करते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सटाण्यामार्गे नाशिकला निघालो, तर ताहराबाद यायच्या आतच तिघींनी विचारलं, ‘पोरनी माय कोठे शे?’ पहिलीला आम्ही सांगितलं. पुढच्या दोघींना तिनेच परस्पर सांगून टाकलं. मग एकीने पेरू दिला आणि एकीने खिडकीची जागा.

आम्ही म्हणजे दोघं. एक उर्दू शाळेत मराठी शिकवणारा, वय चव्वेचाळीस. दुसरी अडीच वर्षांची. तिची अम्मी अल्लाहला प्यारी झाली तेव्हा ती दहा महिन्यांची होती. शाळेच्या वेळात शेजारच्या दादी तिला सांभाळतात, बाकीचा वेळ आम्ही एकमेकांना सांभाळतो. मालेगावच्या तिच्या खालाला हे पटत नाही. ‘दुल्हेभाई, बच्ची को मेरे पास रहने दो, मर्द से अकेले नहीं होता,’ असं ती दर फोनला म्हणते. तिच्या मायेबद्दल शंका नाही, तिचं घरही भरलेलं आहे. दिवाळीनंतर काय ते ठरवू, असं बोलणं झालं होतं. त्याआधी तीन दिवस, जिथे दादी नाही, शेजारी नाही, ओळखीचं कोणीच नाही, अशा ठिकाणी दोघांनीच राहून बघावं असं आमच्या मनात आलं. म्हणून मुंबई.

नाशिकला आतेबहिणीकडे रात्र काढून सकाळी पंचवटी एक्सप्रेस धरली. पाच वर्षांखालच्या मुलांना गाडीत तिकीट नसतं, आणि जागाही नसते, म्हणजे पूर्ण प्रवास मांडीवर. इगतपुरीपर्यंत दशमी आणि केळं पुरलं. पुढे कसाऱ्याच्या घाटातले बोगदे लागले. अंधार झाला की ती डोळे झाकायची, उजेड आला की ‘आ गया!’ ओरडायची. तिसऱ्या बोगद्यानंतर समोरचे दोन कॉलेजकुमारही तिच्याबरोबर ओरडायला लागले. घाट संपला तेव्हा ‘और’ म्हणून रडली. बोगदा आणून देता येत नाही, हे अडीच वर्षांच्या बाईला समजावणं बीएडला शिकवत नाहीत. शेवटी रुमाल डोक्यावर टाकून आम्ही कल्याणपर्यंत बोगदे केले.

मोहम्मद अली रोडजवळच्या एका लॉजवर मॅनेजरने ओळखपत्र बघितलं, पोरीकडे बघितलं आणि विचारलं, ‘बच्ची की माँ साथ नहीं?’ विचारण्याचा सूर वेगळा होता. त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. अनोळखी माणसाबरोबर एकटी मुलगी दिसल्यावर कोणी तरी विचारायलाच हवं. तिच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स आम्ही जवळ ठेवली होती. एकट्या बापांनी ती ठेवावी.

खोलीत पहिला प्रश्न आला आंघोळीचा. घरी दादी असतात. इथे दार लावलं तर ती बाहेर एकटी, उघडं ठेवलं तर ती जिन्यात. मग तिलाच आत घेतलं, कोपऱ्यात एक बादली आणि मग दिला. अर्धा तास ती या बादलीतून त्या बादलीत पाणी ओतत राहिली. शहर दाखवायला नेलेल्या पोराला बादली आवडते, हे आधी माहीत असतं तर भाडं वाचलं असतं, असं वाटून गेलं.

दुपारी जुहरला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत गेलो. 1802 साली बांधून पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. त्या हौदाच्या पायऱ्यांवर बसून वुजू करतात आणि पाण्यात मासे फिरतात. आमची वुजू झाली, तिची होईना. ‘मच्छी आयी. मच्छी गयी. और एक.’ तिला एकच्या पुढे मोजता येत नाही, त्यामुळे सगळे मासे ‘और एक’. तिचा हात घट्ट धरून चाळीस मिनिटं बसलो. मुंबईतल्या कुठल्याही जागेने इतका वेळ दिला नाही.

नमाजला सफच्या टोकाला उभे राहिलो. दुसऱ्या सजद्यात ती पाठीवर चढली. हजरत अबू कतादा (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे: पैगंबर (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढत, सजद्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण खाली ठेवायचं आणि परत उचलायचं म्हणजे पाठीला, गुडघ्याला काय होतं, ते त्या दिवशी कळलं. सलाम फिरवल्यावर एका बुजुर्गांनी भुवया आकसल्या, दुसऱ्यांनी खिशातून खजूर काढून तिला दिला. आम्ही खजूरवाल्यांच्या बाजूचे.

दुसऱ्या दिवशी राणीची बाग. मंगळवारी गेलो, कारण बुधवारी ती बंद असते. लोकलने भायखळा, सीएसएमटीपासून तिसरं स्टेशन. बायकांच्या डब्यात पोर जाऊ शकते, बाप नाही. म्हणून गर्दी ओसरल्यावर, अकरानंतर निघालो. खिडकीवर दरफलक होता: मोठ्यांना 50 रुपये, आणि आई, वडील व दोन मुलं अशा कुटुंबाला एकत्र 100. आम्ही पन्नासचं एक घेतलं.

पेंग्विन बघायला थंडगार खोलीत काचेसमोर रांग पुढे सरकत असते. 2017 पासून ते लोकांना बघता येतात, पण अडीच वर्षांच्या उंचीवरून फक्त समोरच्याच्या पिशव्या दिसतात. खांद्यावर घेतलं. शेजारचा एक मुलगा ओरडला, ‘अम्मी, देख!’ लगेच आमचीही ओरडली, ‘अम्मी, देख!’ आणि वाकून आमच्या तोंडाकडे बघायला लागली. आम्ही म्हणालो, ‘हाँ, देखा.’ रांग पुढे सरकली.

तिला खरा आवडला तो दगडी हत्ती. बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या आवारात तो उभा आहे. घारापुरीच्या बेटावरून आणलेला, तुकडे जोडून उभा केलेला. याच्यामुळेच त्या बेटाला एलिफंटा नाव पडलं. खरी जनावरं झोपलेली असतात किंवा लांब असतात. हा जवळ होता आणि पळून जात नव्हता. तिने त्याला अर्धं बिस्कीट देऊ केलं, घेत नाही म्हणून स्वतः खाल्लं, पुन्हा नवं देऊ केलं. पुडा संपेपर्यंत हेच.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवं. बाप आणि छोटी मुलगी यांनी स्वच्छतागृहात जायचं कुठे? बायकांच्या बाजूला बाप जाऊ शकत नाही आणि पुरुषांच्या बाजूला मुलीला न्यावंसं वाटत नाही. आम्ही पाठीवरच्या पिशवीत तिचं निळं प्लास्टिकचं भांडं घेऊन फिरलो, झाडामागे आडोसा करून काम भागवलं. एकदा स्टेशनवर झाडू मारणाऱ्या मावशी आपणहून म्हणाल्या, ‘द्या इकडे, मी नेते.’ आम्ही दाराबाहेर उभं राहून मोठ्याने अलिफ, बे, पे म्हणत राहिलो, आतून ती ‘ते’ म्हणायची, तेवढ्यात बाहेर आल्या. मावशींनी चहाचे पैसेही घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी काहीच ठरवलं नाही, हे बरं झालं. बेस्टच्या लाल, विजेवर चालणाऱ्या डबल डेकरमध्ये वरती, अगदी पुढच्या काचेजवळ बसलो, शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो. दुपारी ती झोपली, आम्ही खिडकीत बसून वह्या तपासल्या. गर्दीत तिच्या अम्मीच्या ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं आमच्या मनगटाला बांधत होतो. ‘बकरी है क्या?’ असं एक फेरीवाला म्हणाला. असेल. बकरी हरवली नाही.

रात्र मात्र अवघड गेली. दुसऱ्या रात्री दोनला उठून ती रडली आणि नाव घेतलं ते दादींचं. अडीच वाजता फोन लावणार कुणाला? लॉजच्या जिन्यात तिला घेऊन वरखाली फिरलो, सतरा पायऱ्या, सतरा पायऱ्या, झोप लागेपर्यंत.

परत आल्यावर संध्याकाळी खालाचा फोन आला. ‘कैसी रही?’ आम्ही फोन पोरीकडे दिला. मच्छी, हाथी, बिस्कुट, आ गया, असं सगळं तिने सांगितलं. फोन परत आमच्याकडे आला तेव्हा खाला थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बुखार-वुखार तो नहीं आया?’ नाही, आम्ही म्हणालो. पाठवण्याचं तिने त्या दिवशी विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आणि खालू आमच्याकडे पिंपळनेरला पंधरा दिवस राहायला येणार आहेत. लाटीपाड्याच्या धरणावर पोरीला मासे दाखवायचं तिने कबूल केलं आहे.