दाण्याचा दिमाख

आमच्या मातुश्रींचा ओढा पहिल्यापासून आंबेमोहराकडे. दाणा आखूड, भात मऊ, आणि सुवास चुलीपासून ओटीपर्यंत. आम्हांस मात्र पाहुणे येणार म्हटलें कीं बासमतीच हवा. लांब दाणा म्हणजे खानदान, आखूड दाणा म्हणजे कांहीं तरी उणें, अशी आमची पक्की समजूत. एकदां भरल्या पंक्तींत आम्हीं मातुश्रींच्या तांदळास 'बुटका' म्हणून हिणविलें. त्या कांहींच बोलल्या नाहींत. पण त्या दिवसापासून आंबेमोहर पंक्तीस आला नाहीं. त्या तो स्वतःपुरता निराळा शिजवूं लागल्या.

परवां कृषिविद्या शिकणारी आमची कन्या सुटीस आली असतां आम्हीं तिच्यापुढें लांब दाण्याची थोरवी गाइली. ती हंसली आणि तिनें साळीचा एक दाणा सोलून आमच्या तळहातावर ठेविला. दाणा आपल्या तुसाहून मोठा होऊंच शकत नाहीं, हें तिचें पहिलें सांगणें. तुसाचें घर फूल उमलण्यापूर्वींच बांधून होतें. दाणा पुढें त्यांत भरतो, इतकेंच. आणि हें घर केवढें असावें हें ठरविणाऱ्या जनुकांपैकीं कित्येकांचें काम वाढविण्याचें नसून आवरण्याचें असतें.

तिसऱ्या गुणसूत्रावरील जीएस-३ हें त्यांतलेंच एक. चीनमधील वूहानच्या संशोधकांनीं तें २००६ सालीं उजेडांत आणिलें. तें धड असतां दाण्याच्या लांबीस लगाम घालतें. त्यांत एका जागीं 'सी' या अक्षराऐवजीं 'ए' पडलें कीं आज्ञा मध्येंच तुटते, तिच्याबरहुकूम घडणारें प्रथिन अपुरें राहतें, आणि दाणा लांबतो. लांब दाण्याच्या अनेक जातींत हीच एका अक्षराची चूक आढळते. रुंदीचीही तीच कथा : दुसऱ्या गुणसूत्रावरील जीडब्ल्यू-२ बिघडलें कीं तूस रुंदावतें आणि दाणा वजनदार होतो, असें २००७ सालीं शांघायच्या संशोधकांनीं दाखविलें. ह्या चुका निसर्गाच्या. त्या हेरून जपल्या मात्र बियाणें राखणाऱ्या शेतकऱ्यांनीं, गुणसूत्राचें नांवही ठाऊक नसतां. शिवाय मोठा दाणा म्हणजे मोठें पीक, असेंही नव्हे. दाणे थोरावले कीं लोंबीवरील त्यांची संख्या पुष्कळदां घटते.

म्हणजे आम्ही ज्याला घराण्याचें तेज समजत होतों, तें एका तुटलेल्या वाक्याचें फळ निघालें! आखूडपणा ही उणीव नव्हे. कित्येकदां ती लगाम शाबूत असल्याची खूण असते. बासमतीची गोडी यानें कमी होत नाहीं. कमी झाला तो आमचा ताठा.

पुढच्या रविवारीं पाहुणे यावयाचे होते. मातुश्रींची दृष्टि आतां अधू झाली आहे. त्या बोटांनीं चांचपून तांदूळ निवडीत होत्या. आम्ही सूप घेऊन शेजारीं बसलों आणि म्हणालों, "आज पंक्तीस आंबेमोहरच करावा."

त्यांनीं मान वर केली नाहीं.

"कां रे? बासमती संपला वाटतें?"