तुटलेला जोड

शनि अमावास्या तोंडावर आलीय. शिंगणापुरातल्या तेल-रुईच्या माळांच्या दुकानाचा संदेश तपासला, तर ‘येणाऱ्या भाविकांना’चं ‘येणार्या’ झालेलं! आई-बाबा-लेकीचं इमोजीही फुटून तिघं सुटे उभे.

दोन्हींचं कारण एकच. मजकूर हाताळणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या नव्या आवृत्तीने झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह कचरा समजून गाळलं. आमच्या मजकुरात पाय मोडलेल्या ‘र’नंतर ते असतं, म्हणून तो ‘या’ला आडवा चिकटतो, काढलं की रफार होऊन डोक्यावर चढतो. कुटुंबाचं इमोजीही त्यानेच सांधलेलं.

देवनागरी १९९१पासून युनिकोडमध्ये आहे, तरी बदल करताना आपली अक्षरं कुणी तपासत नाही, याचा संताप येतो. तूर्त जुनी आवृत्ती बसवलीय. लायब्ररी सांभाळणाऱ्यांना गाऱ्हाणं कळवलंय. चाचणीसाठी ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्दही धाडलेत.